युरोपात एकाच खोऱ्यात आठ दिवस : चैन की प्रवासाची योग्य रीत?

नदीकाठ (मूळ लेख)

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघांनी सुटीचे आठही दिवस पोर्तुगालमधील दोरू नदीच्या खोऱ्यात, पिन्याव या छोट्याशा गावी राहून घालवले. परतल्यावर नातेवाइकांनी एकच प्रश्न विचारला : इतका खर्च करून पॅरिस नाही, रोम नाही, मग पाहिले तरी काय? त्या प्रश्नाचे उत्तर मला नीट द्यायचे आहे, कारण युरोप पाहायचा तर असाच, एका ठिकाणी थांबून, तिथले खात-पीत आणि तिथला इतिहास समजून घेत पाहावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

माझे माहेर निफाडचे, त्यामुळे द्राक्षमळा मला नवा नव्हता. पण इथे मांडव नव्हते, आणि मळा म्हणजे पापुद्रे सुटणाऱ्या खडकाचा डोंगर फोडून, दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पायऱ्या होत्या. खुड्याचे दिवस होते. एका संध्याकाळी गुडघाभर रसाच्या ग्रॅनाइटच्या हौदात वीसेक माणसे एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, कोणीतरी मोठ्याने मोजत असलेल्या तालावर अगदी सावकाश पावले टाकत द्राक्षे तुडवताना आम्ही पाहिली. हा रस पूर्ण आंबण्याआधीच त्यात द्राक्षांचे कडक मद्य मिसळतात. 435 लिटर रसाला 115 लिटर हे जुने प्रमाण. त्यामुळे आंबणे थांबते, गोडी टिकते आणि पोर्ट वाइन तयार होते.

याच वाइनमध्ये रंगासाठी एल्डरबेरीचा रस मिसळण्याची लबाडी वाढली, तेव्हा पुढे मार्केस द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने 1756 मध्ये कंपनी स्थापून या प्रदेशाची हद्द आखली आणि ती दाखवण्यासाठी ग्रॅनाइटचे खांब रोवले. आम्हाला असा एक खांब एका शेताच्या कडेला शेवाळलेला दिसला. त्या पाऊलवाटेने आम्ही तीनदा गेलो होतो आणि चौथ्या वेळी तो ध्यानात आला. पळत्या बसमधून तो कधीच दिसला नसता.

जेवणातही तेच. बटाटा आणि गर्द हिरव्या पानांचे ‘काल्दु व्हेर्द’ हे सूप रोज असायचे. त्या पानांना ते ‘कोव्ह’ म्हणतात, आपला कोबी तिथूनच आलेला. बटाट्याला ‘बताता’, पावाला ‘पांव’, आणि खोलीची किल्ली देताना घरमालकीण म्हणाली ‘शाव्ह’, म्हणजे आपली चावी.

सह्यधार

नदीकाठ, आपले वर्णन मन लावून वाचले, पण ‘असाच पाहावा’ हा आग्रह मला मान्य नाही. माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे. तिच्या आयुष्यात युरोपची वारी एकदाच होणार. युरोपातील बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे 90 युरो एका गावासाठीही तेच आणि सहा देशांसाठीही तेच, आणि एकाच गावी राहिल्याने विमानाचे तिकीटही स्वस्त होत नाही. अशा माणसाला आयफेल टॉवर, आल्प्स आणि व्हॅटिकन बारा दिवसांत दाखवणाऱ्या सहलीला उथळ ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण तीस-चाळीस वर्षे नोकरी आणि संसार सांभाळून ज्यांनी ही नावे फक्त ऐकली, त्यांच्यासाठी ती नुसती प्रत्यक्ष पाहणे हीच फार मोठी गोष्ट असते.

दुसरे म्हणजे, अन्न आणि वाइन यांवर बेतलेला प्रवास शाकाहारी आणि मद्य न घेणाऱ्या माणसाला दाराबाहेरच ठेवतो. आपण ज्या सूपाचे कौतुक केले आहे, त्यात शेवटी डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती घालतात. सहलीबरोबर आपला स्वयंपाकी असतो याला लोक नावे ठेवतात, पण त्याच्यामुळेच माझ्या आईसारखी माणसे घराबाहेर पडू शकतात.

नदीकाठ

चकती न घालता सूप मिळते, ‘सेंय शोरिसु’, म्हणजे सॉसेजशिवाय, एवढे म्हणावे लागते. मात्र आतले पाणी मांसाचे आहे का, हे प्रत्येक ठिकाणी विचारावे लागले, हे मी मान्य करते. आपल्या मातोश्रींच्या सहलीला मी उथळ म्हणणार नाही, आणि ‘असाच’ हा शब्द मी मागे घेते. परंतु ज्यांना दुसऱ्यांदा जाता येते, तेही पुन्हा सहा देशांचीच यादी घेऊन निघतात. माझा रोख त्यांच्याकडे आहे.

वसईकर

माझी हरकत वेगळी आहे. आठ दिवस थांबल्याने इतिहास कळतो, असे आपण गृहीत धरले आहे; पण वाइनच्या तळघरांत जो इतिहास ऐकवला जातो, तो बहुधा वाइन विकणाऱ्यांचा असतो. ज्या कंपनीचा आपण गौरवाने उल्लेख केला, तिला पोर्तो शहरातील गुत्त्यांना वाइन पुरवण्याचा मक्ता मिळाला. त्याविरुद्ध फेब्रुवारी 1757 मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि पोंबालच्या सरकारने अनेकांना फासावर चढवले. तो शेवाळलेला खांब भेसळ रोखणारा होता हे खरे, पण कोणाची वाइन चढ्या भावाने विकली जाईल आणि कोणाची नाही, हेही त्यानेच ठरवले.

शिवाय आपण मराठी माणसे आहोत. पाव आणि चावी यांचे नाते पाहून मन हरखते हे मी समजू शकतो. आमच्या वसईवर पोर्तुगीज सत्तेचा दोनशे वर्षे अंमल होता आणि गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे बाटवलेले लोक जुना धर्म छुपेपणाने पाळतात का हे शोधून शिक्षा देणारे ख्रिस्ती धर्मन्यायालय, आले, हे त्या जेवणाच्या टेबलावर कोणी सांगत नाही. मुंबई बेट ज्याला भाड्याने मिळाले होते, तो वैद्य गार्सिया द ओर्ता मूळ ज्यू घराण्यातला होता. त्याच्या बहिणीला 1569 मध्ये गोव्यात जाळले आणि त्याच्या मृत्यूनंतर, 1580 मध्ये, त्याची हाडे उकरून जाळली. चव घेत फिरणाऱ्या प्रवाशाला हे कुठे भेटते?

नदीकाठ

मला ते ताटातच भेटले. पिन्यावच्या खानावळीत ‘आल्यैरा’ नावाचे सॉसेज होते, पाव आणि कोंबडीचे, लसणाचा वास असलेले. 1497 मध्ये सक्तीने बाटवलेल्या ज्यूंनी, आपण डुकराचे मांस खातो असे शेजाऱ्यांना वाटावे म्हणून ते करायला सुरुवात केली, असे तिथे सांगतात. ही कथा लोकपरंपरेतली आहे. पण ती वाढणाऱ्या बाईने स्वतःहून सांगितली, आणि तीही सहाव्या दिवशी, आमची ओळख झाल्यावर. गुत्तेवाल्यांच्या दंगलीबद्दल मात्र आम्हाला कोणीच बोलले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. तेवढ्यापुरता आपला आक्षेप बरोबर आहे.

वसईकर

मग पुढच्या वेळी कश्तेलु द व्हीदला जा. स्पेनच्या सीमेजवळचे ते ओर्ताचे जन्मगाव, तिथली ज्यू वस्तीची चढणीची गल्ली आणि जुने प्रार्थनास्थळ अजून आहे. तिथे आठ दिवस राहून आलात, तर तो लेख मी सर्वांत आधी वाचीन.

सह्यधार

आईला मी आधी रोमच दाखवीन. मात्र बारा दिवसांतले तीन तरी तिथेच काढता येतील का, हे आता सहलवाल्यांना विचारणार आहे.