"तेव्हा तुम्ही कुठं होतात?" किल्लारी भूकंपाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत, मार्गदर्शन हवं

पाटीपेन्सिल

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपातून वाचलेल्या, आता साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणी गावच्या वाचनालयासाठी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. गाव उमरगा तालुक्यातलं, पुनर्वसित. तीसेक जण बोलायला तयार आहेत. मुलाखती नववी-दहावीची मुलं घेतील, सोबत एक मोठं माणूस असेल. साधन म्हणजे फोन, आणि वर फार तर दोन हजार रुपये खर्च करता येतील.

"भूकंपाबद्दल सांगा" म्हटलं की सगळे तेच ते सांगतात: मृतांचे आकडे, कोण पुढारी आले, मदतीचे ट्रक. स्वतःचं काही येतच नाही. सुरुवात कुठून करायची? एकाच घरातल्या दोन भावांच्या सांगण्यात फरक पडतो, तेव्हा कुणाचं धरायचं? आणि बोलता बोलता कुणी रडायला लागलं तर पोरांनी काय करायचं? आवाज नीट कसा घ्यायचा हेही सांगा.

जुनी वेस

"भूकंपाबद्दल सांगा" हे वाक्य यादीतून काढूनच टाका. धक्का पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी बसला. मुलाखत मात्र आदल्या संध्याकाळपासून सुरू करा. २९ तारखेला, बुधवारी, अनंत चतुर्दशी होती. गणपती कुठं बोळवला, विहिरीत की तळ्यात? घरी किती वाजता आलात? रात्री जेवायला काय होतं? मग खरा प्रश्न: अंथरूण कुठं टाकलं होतं? माजघरात, ओसरीवर, अंगणात, माळवदावर (मातीच्या सपाट छतावर), की शेतात राखणीला? शेजारी कोण होतं? उशी कुठल्या भिंतीकडं होती?

हे प्रश्न वरवरचे नाहीत. त्या रात्री कोण वाचलं आणि कोण गेलं, हे बरंचसं अंथरुणाच्या जागेवर ठरलं. घरं दगडमातीची, भिंती दोन-अडीच फूट जाड. पण त्या भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर आरपार दगड घालून एकमेकांना सांधलेला नसायचा. धक्क्यानं थर सुटले, भिंती फुगून ढासळल्या आणि वरचं माळवद, फूट-दीड फूट मातीचं, काही घरांत त्याहूनही जाड, खाली आलं. जागा नेमकी कळली की सांगणाऱ्याला पुढचं आपोआप आठवत जातं: दार कुठल्या बाजूला होतं, हाताला काय लागलं, पहिला आवाज कुणाचा आला.

पुनर्वसित गावात मुलाखत घेताना एक गोष्ट हवीच: जुन्या गावाचा नकाशा. नव्या गावात रस्ते सरळ, घरं ओळीनं, त्यामुळे जुन्या आठवणीला टेकायला जागाच नसते. ड्रॉइंगचा मोठा कागद समोर ठेवा आणि सांगणाऱ्यालाच काढू द्या. आधी वेस, मग मारुतीचं देऊळ, चावडी, पार, आड, मशीद, मग बोळी, सगळ्यात शेवटी स्वतःचं घर. प्रमाण चुकलं तरी चालेल. यात तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, पोरं शाईनं घरांची नावं लिहितात आणि पुढचा माणूस त्यावरून वाद घालतो. पेन्सिल वापरा आणि प्रत्येकाला कोरा कागद द्या. दुसरी, आधीच्याचा नकाशा पुढच्याला दाखवला जातो, मग तो स्वतःचं न आठवता त्यातलंच पुढं सांगतो. तिसरी सगळ्यात वाईट. सांगणारा बोट ठेवून "हितनं असं तिकडं पळालो" म्हणतो आणि रेकॉर्डिंगमध्ये फक्त "हितनं तिकडं" एवढंच उरतं. मुलानं लगेच मोठ्यानं म्हणायचं, "म्हणजे मारुतीच्या मागच्या बोळीतनं चावडीकडं?" तेवढी सवय आधी दोन दिवस आपसांत घटवून घ्या.

उजळणी

दोन भावांच्या प्रश्नाबद्दल. इथं दोन प्रकारच्या आठवणी वेगळ्या ओळखाव्या लागतात: स्वतःच्या अंगावर गेलेली आणि कानावर आलेली.

मोठी बातमी कळली तेव्हा आपण कुठं होतो, या प्रकारच्या आठवणींवर १९७७ मध्ये ब्राऊन आणि कुलिक या मानसशास्त्रज्ञांनी पहिला महत्त्वाचा निबंध लिहिला. अशा आठवणीत काय काय टिकतं तेही त्यांनी नोंदवलं: ठिकाण, तेव्हा चालू असलेलं काम, बातमी सांगणारा, स्वतःच्या आणि इतरांच्या भावना, लगेच नंतर घडलेलं. पण टिकतं म्हणजे बरोबरच असतं असं नाही. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं 'चॅलेंजर' हे अवकाशयान कोसळलं. नायसर आणि हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं. ४४ पैकी ११ जणांचे सगळे मुख्य तपशील चुकले होते, तरी कित्येकांना स्वतःबद्दल पूर्ण खात्री होती. मित्राकडून ऐकलेलं "टीव्हीवर पाहिलं" असं बदलून बसलं होतं.

भूकंपाबाबत नायसर आणि सहकाऱ्यांचंच पुढचं काम जास्त उपयोगाचं आहे. १७ ऑक्टोबर १९८९ च्या कॅलिफोर्नियातल्या भूकंपानंतर त्यांनी प्रत्यक्ष धक्का अनुभवलेले आणि दूर अटलांटात बातमी ऐकलेले, अशा दोघांना लगेच विचारलं आणि दीडेक वर्षांनी पुन्हा विचारलं. अनुभवलेल्यांच्या आठवणी जवळपास जशाच्या तशा होत्या. बातमी ऐकलेल्यांच्या बऱ्याच बदलल्या होत्या.

तेव्हा प्रत्येक मुलाखतीच्या वहीत दोन रकाने करा. एकात "स्वतः पाहिलं, केलं, सोसलं", दुसऱ्यात "कुणाकडून कळलं". भाऊ पुण्यात कामाला होता आणि तिसऱ्या दिवशी गावी पोचला असेल, तर पहाटेचं सगळं त्यानं ऐकलेलं आहे. तो खोटं बोलत नाही. घरात शंभरदा ऐकून ते त्याचं झालेलं आहे. त्याला त्याचा प्रवास विचारा: बातमी कुणी दिली, गाडी कुठपर्यंत गेली, पुढं चालत गेलात का? तिथं तो एकटाच साक्षीदार आहे. आणि दोघांना एका खोलीत बसवू नका. मोठा बोलला की धाकटा मान डोलावतो.

पाटीपेन्सिल

हे रकान्यांचं नीट कळलं. पण सांगणारा उघड चुकतोय असं दिसलं तर मध्येच दुरुस्त करायचं का?

निळी शाई

अजिबात नाही. दुरुस्ती वहीत करायची, माणसाची नाही. पहिला वीस-तीस मिनिटांचा टप्पा त्याला हवं तसं सांगू द्या, मध्ये फक्त "मग?" एवढंच. दुसऱ्या टप्प्यात प्रश्न. पडताळणी घरी आल्यावर.

पडताळणीसाठी पक्के खुंटे, म्हणजे नक्की माहीत असलेल्या तारखा-वेळा, हाताशी ठेवा. किल्लारीत ऑगस्ट १९९२ पासून धक्के जाणवत होते, त्यातला मोठा १८ ऑक्टोबर १९९२ चा. नंतरही कित्येक महिने लहान धक्के चालूच होते. त्यामुळे "आम्ही बाहेर झोपत होतो" हे वाक्य बाण्णवचंही असेल, त्र्याण्णवच्या मोठ्या धक्क्याच्या आधीचंही आणि नंतरचंही. लगेच विचारा: "तेव्हा जुनं घर उभं होतं का?" एवढ्यानं गुंता सुटतो.

पेपरबद्दल: धक्का पहाटे चारच्या सुमाराचा, म्हणजे ३० तारखेचे सकाळचे अंक तोवर छापून झालेले होते. "त्याच दिवशी सकाळी पेपरात सगळं वाचलं" असं कुणी म्हणालं तर तो बहुधा १ ऑक्टोबरचा अंक. चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या तेव्हा नव्हत्या, मोबाइल नव्हते. "चॅनलवर सारखं दाखवत होते" हे २००१ च्या भूजचं इथं येऊन मिसळलेलं असू शकतं.

खुंट्यांचा अतिरेकही नको. रात्र पौर्णिमेच्या आदली होती. म्हणून "काळाकुट्ट अंधार होता, हात दिसत नव्हता" म्हणणाऱ्या बाईला पंचांग दाखवून खोडायला जाऊ नका. पडलेल्या घराच्या आत, धुरळ्यात, चांदणं कुठून येणार? तिचा अंधार खरा आहे. वहीत लिहा: "चतुर्दशी; सांगणारी घरात, ढिगाऱ्याखाली."

ठिकाणांची नावं तेव्हाची आणि आजची, दोन्ही टिपा. उस्मानाबाद आता धाराशिव आहे; सास्तूर आज लोहारा तालुक्यात येतं, तेव्हा उमरग्यात होतं. वीस वर्षांनी शोधणाऱ्याला त्याशिवाय सापडणार नाही.

अंगणवेल

मध्येच विचारते. आमच्या सोसायटीत ज्येष्ठांकडून ३१ ऑक्टोबर १९८४, म्हणजे इंदिरा गांधींच्या हत्येच्या, आणि महात्मा गांधींच्या हत्येच्या दिवसाच्या आठवणी घ्यायचं चाललंय. असेच खुंटे तिथंही मिळतील का?

निळी शाई

चौऱ्याऐंशीचे उत्तम मिळतात. वार बुधवार. गोळ्या सकाळी सव्वानऊनंतर झाडल्या गेल्या. बीबीसीनं निधनाची बातमी दुपारीच दिली होती, आकाशवाणीनं अधिकृतपणे सांगितलं ते संध्याकाळी ६ वाजता. मधले तास लोक काय करत होते, कुणाच्या रेडिओभोवती जमले, अफवा काय होत्या, हेच विचारण्यासारखं आहे. शिवाय त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात होती. "शाळा मध्येच सोडून दिली" असं महाराष्ट्रात शिकलेलं कुणी म्हणालं तर त्या शाळेची दिवाळीची सुट्टी संपली होती का, ते विचारून घ्या. अंत्यसंस्कार ३ नोव्हेंबरला, शनिवारी. टीव्हीसमोर बसून पाहिल्याच्या बऱ्याच आठवणी त्या दिवसाच्या असतात.

गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८, शुक्रवार, संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटं. रेडिओवर ६ वाजता सांगितलं गेलं, रात्री नेहरूंचं भाषण झालं. रेडिओ फार थोड्या घरांत होते, म्हणून "कुणी सांगितलं?" हा प्रश्न तिथं पहिला. त्यानंतर ब्राह्मणांच्या घरांची जी जाळपोळ झाली, तिचा विषय सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या घरांत निघेलच. तो आपण काढू नका, निघाला तर थांबवूही नका, आणि इतर कुणी खोलीत असेल तर पुढची बैठक एकट्यानं ठेवा. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं मूल आज पंच्याऐंशीच्या पुढं गेलेलं आहे, तेव्हा आधी तेच उरका.

खरखर

आवाजाचं सांगतो. बाकी सगळं जमूनही इथं मार खाल्ला तर हाती काही राहत नाही.

दोन हजारांत तारेचा कॉलर माइक आणि एक मेमरी कार्ड आरामात बसतं. माइक विकत घेताना फोनचं छिद्र कुठलं आहे ते बघा, नाहीतर वेगळा जोड घ्यावा लागतो. माइक हनुवटीपासून वीतभर खाली लावा. पदर, मंगळसूत्र किंवा उपरणं त्यावर घासायला नको. घासण्याचा आवाज नंतर काढता येत नाही. फोन फ्लाइट मोडवर टाका, कारण कॉल आला की बऱ्याच फोनांत रेकॉर्डिंग थांबतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. रेकॉर्डिंग वेव्ह (WAV) फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. तासाला साधारण ३४५ एमबी लागतात, म्हणजे तीस तासांचं काम १६ जीबीच्या कार्डात मावतं.

खोली निवडताना पत्र्याचं छत टाळा, आवाज घुमतो आणि पाऊस आला तर संपलंच. पंखा बंद, फ्रिज शेजारी नको. भिंतीवर आणि टेबलावर गोधडी टाकली तरी फरक कळतो. सुरुवातीला मुलानं तारीख, गाव, सांगणाऱ्याचं नाव, स्वतःचं नाव बोलायचं. मग अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं. तो रिकाम्या खोलीचा आवाज नंतर गोंगाट कमी करायला लागतो. दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोननं ऐका, मगच पुढं जा.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, दर्जा घसरू शकतो. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून. त्याच संध्याकाळी तीन प्रती: वाचनालयाचा संगणक, एक हार्ड डिस्क, आणि तिसरी गावाबाहेर कुणाकडं तरी. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस आणि क्रमांक असं, रोमन अक्षरांत ठेवा. जुन्या प्रणालींत देवनागरी नावं मोडतात.

लिहून काढायला तासाच्या रेकॉर्डिंगला सहा-सात तास धरा. बोली बदलू नका. "काय करूलालास" असं आलं तर तसंच लिहा.

जुनी वेस

रडण्याचं राहिलं. पोरांना आधी सांगून ठेवा: कुणी रडलं तर घाईनं "रडू नका" म्हणायचं नाही आणि पुढचा प्रश्नही टाकायचा नाही. गप्प बसायचं, पाणी पुढं करायचं, आणि थोड्या वेळानं विचारायचं: "थांबू या का?" हो म्हणाले तर रेकॉर्डिंग त्यांच्या डोळ्यांसमोर बंद करायचं. शेवटचा प्रश्न कधीही मृत्यूचा नको. पहिलं पत्र्याचं शेड, नव्या घरातली पहिली दिवाळी, नव्या जागेत लावलेलं झाड, असं काही विचारून उठायचं. दुसऱ्या दिवशी घरी डोकावून यायचं. कुणाला जास्त त्रास होताना दिसला तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक द्या, तिथं मराठीत बोलता येतं. मुलांवरही याचा ताण येतो. एका मुलाला आठवड्यात एकच मुलाखत द्या.

नुकसानभरपाई, घरवाटप, अनाथ झालेल्या मुलांचं पुढं काय झालं, कुणाचं दुसरं लग्न कसं झालं, हे मुलांनी विचारायचंच नाही. सांगणाऱ्यानं आपणहून सांगितलं आणि त्यात तिसऱ्याचं नाव आलं, तर तो भाग लोकांना ऐकवायच्या प्रतीतून काढायचा. मूळ प्रत तशीच कुलपात.

संमतिपत्र एक पानी, साध्या मराठीत. त्यात तीन वेगवेगळ्या चौकटी: वाचनालयात ऐकवायला हरकत नाही, इंटरनेटवर टाकायला हरकत नाही, नाव द्यायला हरकत नाही. शिवाय नंतर कधीही माघार घेता येईल, हे वाक्य. सही येत नसेल तर अंगठा, आणि पान मोठ्यानं वाचून दाखवल्याचं रेकॉर्डिंग. ते मुलाखतीच्या आधी भरून घ्या, पण मुलाखत झाल्यावर पुन्हा एकदा विचारा. काय बोललो ते कळल्यावर दिलेला होकारच धरायचा.