प्रति: गावं रिकामी का होतात?
पोरं बेळगाव-पुण्याला गेली म्हणून खानापूर तालुक्यातली गावं ओस पडली, असं वर म्हटलंय. मोठ्या रस्त्याकडेच्या गावांना ते लागू असेल, भीमगड अभयारण्याच्या आतल्या वाड्यांना नाही. तळेवाडी, गवाळी, कोंगळा, देगाव ही मुळातच मूठभर घरांची गावं. 2011 साली हे अभयारण्य झालं आणि तेव्हापासून साधा रस्ता, वीज, पूल काहीही करायचं म्हणजे आधी वनखात्याची परवानगी. आमचे पाहुणे आहेत तिकडं. मिरगाच्या आधी तांदूळ, तेल, सरपण, तापाच्या गोळ्या अशी सगळी बेगमी करून ठेवायची, कारण ओढे भरले की खानापूरचा बाजार तुटला. त्यात कुणी आजारी पडलं तर बांबूला चादर बांधून चौघांनी खांद्यावरून न्यायचं.

या चर्चेत देगावचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं मात्र नवल वाटलं. म्हादई नदीचा उगम तिथला! हिच्याच पाण्यासाठी गोवा आणि कर्नाटक लवादापुढे भांडले, 2018 च्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळालं. या भांडणात देगावच्या माणसांना कुणी विचारलं नसणार.

तळेवाडीच्या काही कुटुंबांनी आता पुनर्वसन पत्करलंय, कुटुंबामागे 15 लाख. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, पोरांच्या शाळेचा प्रश्न आहेच. पण तेवढ्या पैशात जागा घेऊन घर बांधायचं आणि वर शेतीही सोडायची, हा हिशेब म्हाताऱ्या माणसांना काही पटत नाही.