बाकूला बदली: रशियन शिकू की अझरबैजानी?

मस्कतहून, सोमवार सकाळ

नमस्कार मंडळी,

यांची ऑक्टोबरपासून अझरबैजानमध्ये, बाकूला बदली झाली आहे. दोन मुलं आहेत, एक आठवीत, एक तिसरीत. इथे मस्कतला सात वर्षं हिंदी-इंग्रजीवर निभावून नेलं. अरबी शिकायची वेळच आली नाही, आणि आता निघताना त्याचीच लाज वाटते. म्हणून या खेपेला आधीच कंबर कसायचं ठरवलंय. पण कोणी म्हणतं तिथे सगळीकडे रशियन चालतं. कोणी म्हणतं तुर्की आणि अझरबैजानी एकच. मी फोनवर तुर्कीचे धडे घ्यायला लागलेसुद्धा. बरोबर चाललंय ना? तिथे राहिलेलं कोणी यादीवर असेल तर कृपया सांगा.

त्याच दिवशी दुपारी, दुबईच्या काकांकडून

ताई, डोळे मिटून रशियन शिका. मी 1984 ते 1989 बाकूला तेलाचं शिक्षण घेत होतो. वर्गात रशियन, वसतिगृहात रशियन, भाजीवालीशी रशियन. आमच्या मजल्यावर आर्मेनियन होते, ज्यू होते, लेझ्गी होते, आणि सगळ्यांचं भांडणही रशियनमध्येच व्हायचं. पाच वर्षांत अझरबैजानीचे पाच शब्द शिकलो, त्यातले तीन इथे लिहिण्यासारखे नाहीत. काही अडलं नाही. एका भाषेत सगळा कॉकेशस उरकतो, मग दुसरीची उस्तवार कशाला?

मंगळवार रात्री, बाकूहून

काका, रागावू नका, पण तुम्ही सोडून आलात ते बाकू आता राहिलं नाही.

मला इथे नऊ वर्षं झाली. रशियन अजून चालतं, नाही असं नाही. शहराच्या मधल्या भागात, साठीच्या डॉक्टरीणबाईंकडे, पियानोच्या शिकवणीला. शाळांत अजून 'अझरबैजानी विभाग' आणि 'रशियन विभाग' असे दोन असतात, आणि घरी अझरबैजानी बोलणारे आईबापही पोराला रशियन विभागात घालायला धडपडतात. वर पुन्हा 'आमच्या मुलांना आपली भाषा धड येत नाही हो' अशी तक्रारही तेच करतात. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीतलं हळदीकुंकू आठवलं की नाही? पण 1991 ला सोव्हिएत संघ फुटल्यानंतर शाळेत गेलेली पिढी आता टॅक्सी चालवते, बँकेत बसते, दुकान सांभाळते. त्यांतल्या निम्म्यांशी रशियनमध्ये बोललं तर हसून मान डोलावतात आणि आपल्याला हवं ते मिळत नाही.

आता ताई, तुमच्या तुर्कीबद्दल. फुकट जाणार नाही. इथले लोक तुर्की मालिका बघतात, तुमचं बोलणं त्यांना कळेल. त्यांचं तुम्हाला कळेलच असं नाही. माझंच सांगते. मीही मालिका आणि फोन यांच्या भरवशावर आले होते. पहिल्याच आठवड्यात बसमध्ये तुर्की पद्धतीने 'इनेजेक वार' म्हणाले, म्हणजे उतरणारं कोणीतरी आहे. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि गाडी तशीच पुढे दामटली. इथे उतरण्याला 'दुश्मॅक' म्हणतात. तुर्कीत त्याच शब्दाचा अर्थ पडणे! दोन किलो कांदे आणि टरबूज घेऊन एक थांबा मागे चालत आले, तेव्हापासून तो शब्द विसरले नाही. 'सुबाय' म्हणजे इथे अविवाहित, तुर्कीत लष्करी अधिकारी. 'बेकार' म्हणजे तुर्कीत अविवाहित, आणि इथे? रिकामटेकडा, आपल्यासारखंच. लग्नाळू मुलाची माहिती सांगताना जपून.

तुम्हाला एक आयती शिदोरी आहे, ती म्हणजे आपल्या मराठीतले फारसी-अरबी शब्द. वकील इथे वॅकिल, डॉक्टर हॅकिम, आठवडा हॅफ्तॅ. हॉटेलात बिल मागायचं तर 'हेसाब'. अलबत म्हणायचं तर 'ॲल्बॅत्तॅ'. नाटकाच्या प्रयोगाला 'तामाशा' म्हणतात, त्यामुळे पहिल्यांदा एका सभ्य गृहस्थांनी सहकुटुंब तमाशाला चला म्हटल्यावर आमचे हे जरा चपापले होते. बाजारात जिरे मागताना 'झिरॅ' म्हटलं की झालं, वांगं 'बादिमजान', हळद 'सारिक्योक', म्हणजे पिवळं मूळ. उलट बाजूने बघाल तर कैची आणि चकमक हे शब्द आपल्याकडे तुर्की घराण्यातूनच आले. इथे आजही कात्रीला 'गायची' म्हणतात.

काकांचं 'एका भाषेत सगळा कॉकेशस उरकतो' हे मात्र मला पटत नाही. उरकतो, कारण समोरचा आपली भाषा बाजूला ठेवतो. आमच्या घरमालकीणबाई लॅन्कॅरानच्या, दक्षिणेला, इराणच्या सीमेजवळच्या. मला तीन वर्षं वाटत होतं त्या अझरबैजानीच. एकदा चेरीच्या मुरंब्याच्या बरण्या मोजताना ऐकलं, 'सॅ... पेंज'. अझरबैजानीत तीन म्हणजे उच आणि पाच म्हणजे बेश. मी विचारलं तशा हसल्या. म्हणाल्या, 'मुरंबा आईकडून शिकले ना, म्हणून आईच्या भाषेत मोजते.' ती तालिश. तुर्की कुळाशी नातं नाही, इराणी कुळातली, म्हणजे लांबून का होईना आपल्याच गोतातली. बाईंच्या मुलाला समजते, बोलता येत नाही. नातवाला समजतही नाही.

आणि आकडे बघा. 1926 च्या जनगणनेत तालिश 77 हजारांवर होते. पुढे काही दशकं त्यांची वेगळी मोजणी जवळजवळ थांबलीच, अझरबैजानींमध्ये धरून टाकले. 1989 ला पुन्हा 21 हजार उगवले, 2009 ला 1 लाख 12 हजार. माणसं अशी कमीजास्त होत नाहीत, रकाने होतात. त्याच 2009 च्या मोजणीत देशात 91.6 टक्के अझरबैजानी लिहिले आहेत. तो आकडा वाचून लोक म्हणतात, एकभाषी देश आहे. मीही म्हणायचे.

उत्तरेला रशियातल्या दागिस्तानच्या अंगाला गेलात की लेझ्गी, सरकारी मोजणीत अझरबैजानींच्या खालोखाल संख्या यांची. यांचं कुळच वेगळं, तुर्कीही नाही, इराणीही नाही, कॉकेशसचं स्वतःचं. गुसार गावात बाजारात उभं राहिलं की सरळ जाणवतं, गळ्यातून काढायचे आवाज आपल्याला जमणारे नाहीत. गुबा शहराला नदीपलीकडे लागून 'गिरमिझी गॅसॅबॅ', म्हणजे लाल वस्ती. तिथे डोंगरी ज्यू राहतात, त्यांची जुहुरी भाषा फारसीच्या जवळची. गुबाहून वर खिनालिगला जा, 2,000 मीटरच्या वर, घरं अशी एकावर एक की एकाचं छप्पर ते दुसऱ्याचं अंगण. त्या गावाची भाषा त्या गावापुरतीच, बोलणारे जेमतेम दोन-तीन हजार. 2023 मध्ये युनेस्कोने गाव आणि त्यांची मेंढरं नेण्याची वाट जागतिक वारशात घेतली. शेजारचे बुदुख आणि ग्रिझ यांच्याही भाषा वेगळ्या, खिनालिगवाल्यांना त्या कळत नाहीत. दहाव्या शतकात अल्-मसूदी या अरब इतिहासकाराने कॉकेशसला भाषांचा डोंगर म्हटलं होतं. आमची गाडी त्या घाटात बंद पडली तेव्हा तिघे मदतीला आले. ते आपापसात एक भाषा बोलत होते, ड्रायव्हरशी दुसरी, यांच्याशी रशियन, आणि माझ्याशी नुसत्या खुणा.

आर्मेनियनबद्दल काकांनी लिहिलंय म्हणून सांगते. आर्मेनियाशी वाद पेटला तेव्हा, 1988 ते 1990 मध्ये, तुमच्या मजल्यावरच्यांसारखे आर्मेनियन शहर सोडून गेले. ज्या भागावरून हा वाद होता त्या काराबाखमधूनही सप्टेंबर 2023 मध्ये लाखावर आर्मेनियन निघून गेले. हा विषय नवीन ओळखीत काढू नका. दोन्ही बाजूंच्या घरांत गेलेली माणसं आहेत.

उशीर झाला. लिपीबद्दल नंतर लिहीन.

बुधवार, पुन्हा दुबईचे काका

बाकूच्या ताई, कान पकडले. आमच्या वसतिगृहाचा चौकीदार वृद्ध होता, अंगणात नर्द, म्हणजे फाशांचा सोंगट्यांचा खेळ, खेळताना 'शेश-बेश' ओरडायचा. सहा-पाचचं दान. सहा फारसीत आणि पाच तुर्कीत का, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. चाळीस वर्षांनी आलं.

लिपीचं लिहाच. आमच्या वेळी सगळं रशियन लिपीत असायचं. आणि सुराखानीच्या आतेशगाहात, त्या अग्निमंदिरात, देवनागरी बघून मी रडलो होतो, ती अजून आहे का?

गुरुवार, बाकूहून

आहे हो काका, कुठे जाणार? दगडात आहे. दाराच्या वर 'श्री गणेसाय नमः', मग 'श्री ज्वालाजी निमत दरवाजा बणाया' आणि संवत 1866. बणाया! संस्कृतात सुरुवात करून मधेच गाडी घरच्या बोलीवर. व्यापारी आणि संन्यासी उत्तर हिंदुस्थानातून इथवर यायचे, जुन्या शहरात मुलतानी सराई अजून उभी आहे. आतेशगाहात गुरुमुखी आणि फारसी लेखही आहेत. जमिनीतून येणारा वायू मात्र 1969 ला संपला, आताची ज्वाला नळाच्या वायूवर जळते. माझ्या सासूबाईंनी हे कळूनही नमस्कार केलाच.

लिपीचं असं. 1920 च्या दशकापर्यंत अरबी. 1929 पासून लॅटिन सक्तीची. 1940 पासून सिरिलिक, ती तुमच्या वेळची. डिसेंबर 1991 ला परत लॅटिन, आणि 1 ऑगस्ट 2001 पासून वर्तमानपत्रं, कागदपत्रं सगळं त्यातच आलं. घरमालकीणबाईंच्या आईने या चारही लिप्या पाहिल्या. त्यांची एक पेटी आहे. वडिलांचं पत्र अरबी लिपीत, शाळेचा दाखला जुन्या लॅटिनमध्ये, लग्नाचा कागद सिरिलिकमध्ये, पेन्शनचा नव्या लॅटिनमध्ये. भाषा एकच. बाईंना त्यातलं पहिलं पत्र वाचता येत नाही, नातवाला फक्त शेवटचा कागद वाचता येतो. आमच्या घरीही पणजोबांचे मोडीतले कागद तसेच बांधून ठेवलेत, पण आपल्याकडे हे एकदा झालं. इथे एका बाईच्या आयुष्यात तीनदा.

आणि ज्यांच्याकडे मुळात जुनी लिपी होती त्यांचं बघा. गॅबॅलाजवळ निज गावात उदी लोक आहेत, काही हजार. त्यांच्या भाषेच्या पूर्वजेला, कॉकेशसच्या अल्बानियनला, स्वतःची 52 अक्षरांची लिपी होती. युरोपातल्या अल्बानियाशी तिचा काही संबंध नाही. लिपी पार विसरली गेली होती. 1990 च्या दशकात इजिप्तमधल्या सिनाईच्या सेंट कॅथरीन मठातल्या खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रांवर जॉर्जियाच्या झाझा अलेक्सिद्झे यांना वरच्या मजकुराखाली ती अक्षरं दिसली. आधीचा मजकूर पुसला म्हणून टिकला, असा उलटा प्रकार.

ताई, तुमच्यापुरतं सांगते. नवी लॅटिन मुलं आठवड्यात शिकतील. q म्हणजे ग, x म्हणजे ख, c म्हणजे ज. तो उलटा e दिसतो त्याला घाबरू नका, तो आपला बॅटमधला ॲ. 1991 ला तो काढून दोन टिंबांचा a आणला होता, पण त्या भाषेत तो आवाज इतक्यांदा येतो की पानभर टिंबंच टिंबं. वर्षभरात परत आणला.

गुरुवार रात्री, मस्कतहून

ताई, काका, खूप आभार. तुर्कीचे धडे बंद, अझरबैजानीची शिकवणी लावते. मुलगी सकाळपासून सगळ्यांना 'सारिक्योक' म्हणत फिरते आहे. एक राहिलं, तिथे पालेभाज्या काय मिळतात? यांना शेपू फार आवडतो आणि मला वासही सहन होत नाही.

शुक्रवार, बाकूहून

अरे देवा. शेपूला 'शुयुद' म्हणतात. भातात, दह्याच्या सुपात, सगळ्यावर असतो. 'शुयुद-सुझ' म्हणजे शेपूशिवाय. हा शब्द विमानात बसायच्या आधी पाठ करा.