न्यूट्रलसुद्धा वेगळा हवा
वरच्या मजल्यासाठी वेगळं मीटर बसवलं की काम संपलं, असं काही जण सांगतात. मीटर घ्याच, १०० आणि ३०० युनिटला स्लॅब (दराचा टप्पा) बदलतो, एका मीटरवर दोन घरं म्हणजे दर चढणारच. पण न्यूट्रलचं, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचं, कुणी बोलत नाही.

आमच्या लातूरच्या अपार्टमेंटमध्ये वायरमननं नवा फेज (करंट आणणारी तार) वेगळा ओढला आणि न्यूट्रल जिन्याखालच्या बोर्डात जुन्यालाच पिळून दिला. कूलर लावला की मीटरवर अर्थचा लाल दिवा, म्हणजे दोन तारांतला करंट जुळत नसल्याची खूण! इलेक्ट्रॉनिक मीटर फेज-न्यूट्रल दोन्हींतला करंट बघतं आणि जास्त असेल तो धरतं, म्हणजे शेजाऱ्याचा करंट आपल्या न्यूट्रलमधून परतला तर त्याचे युनिट आपल्या बिलात. तपासायचं असेल तर घरातलं सगळं बंद करा, शेजाऱ्यांना कूलर लावायला सांगा. आपल्या मीटरवरचा तो दिवा लागला तर वायरमनला लगेच परत बोलवा.