चार हजार प्रश्नांना एक युनिट, तर मग बिल का वाढतंय?

अ‍ॅशबर्नकर

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला राहतो. घर घेतलं तेव्हा मागे झाडी होती, आता बिनखिडक्यांच्या लांबलचक इमारती आहेत. एक उभी राहते न राहते तोच शेजारी दुसरीचा पाया खणायला घेतात. सगळी डेटा सेंटरं. रात्री खिडकी उघडली की पंख्यांची घरघर ऐकू येते. आमचा वापर आहे तेवढाच आहे, विजेचं बिल मात्र चढत चाललंय.

मुलगी म्हणते, बाबा, उगाच एआयच्या नावाने खडे फोडू नका. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्या जेमिनी या एआयला विचारलेल्या साधारण लेखी प्रश्नाला ०.२४ वॅट-तास वीज लागते. म्हणजे चार हजार प्रश्न विचारावेत तेव्हा कुठे एक युनिट. हिशोब मी स्वतः करून पाहिला, बरोबर आहे. मग ही एवढी सबस्टेशनं कशासाठी उभी राहतायत? आणि त्यांचे पैसे माझ्या बिलातून जातायत का? जाणकारांनी सांगावं.

कोथरूडकर

मुलीचं म्हणणं पटतं. २०२४ मध्ये जगातल्या एकूण विजेपैकी सगळ्या डेटा सेंटरांना मिळून दीड टक्का लागली. दीड टक्क्यासाठी एवढा गहजब कशाला?

महापे नाइट शिफ्ट

दीड टक्का बरोबर आहे, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा आकडा आहे तो. ४१५ अब्ज युनिट. त्याच अहवालात २०३० चा अंदाज साधारण ९४५ अब्ज युनिट दिलाय, तोही वाचा. पण कोथरूडकर, जगाच्या सरासरीवर कुठलाच ट्रान्सफॉर्मर चालत नाही. लोड, म्हणजे विजेची मागणी, कुठे येतो, किती लवकर येतो, ते बघावं लागतं. व्हर्जिनियात २०२३ मध्येच राज्यातल्या विजेचा चौथा हिस्सा डेटा सेंटरं घेत होती, आणि त्यातली बहुतेक उत्तरेकडच्या दोन-तीन काउंट्यांत.

मी नवी मुंबईत महापेला एका डेटा सेंटरमध्ये इलेक्ट्रिकलची शिफ्ट बघतो. आमच्या जुन्या हॉलमध्ये अख्खा रॅक, म्हणजे सर्व्हर ठेवायचं कपाट, भरलेला असला तरी सहा-सात किलोवॅटच्या वर जात नाही. नव्या हॉलमध्ये एआयची मशीन आली. एका पेटीत आठ चिप, एकेक चिप ७०० वॅटपर्यंत खाणारी, आणि पेटीचा कमाल लोड दहा किलोवॅटच्या जरासा वर. म्हणजे एकच पेटी जुन्या रॅकपेक्षा भारी. त्यामुळे एका रॅकमध्ये मोजक्याच पेट्या बसवतो आणि उरलेल्या जागेवर कोऱ्या पट्ट्या लावतो. जागा आहे, पण तेवढी वीज आणि थंड हवा तिथे पोचवता येत नाही. याच्या पुढच्या पिढीत ७२ चिपांचा एकच रॅक १२० किलोवॅटच्या आसपास घेतो, त्याला हवा पुरतच नाही, थेट चिपवरून पाण्याचे पाइप न्यावे लागतात. बसबारच्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाड पट्ट्यांच्या, जोडांवर उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा फिरवताना दोन हॉलमधला फरक डोळ्यांना दिसतो.

दुसरी गोष्ट, एआय मॉडेलला प्रशिक्षण देतात तेव्हाचा लोड. हजारो चिप एकाच वेळी गणित करतात, मग एकाच वेळी थांबून आपसात डेटाची देवाणघेवाण करतात. त्यामुळे लोड सेकंदासेकंदाला वरखाली होतो. गिरणी, भट्टी असले मोठे ग्राहक आम्हा वीजवाल्यांना नवे नाहीत, पण हे गणित रात्रंदिवस, आठवडे-आठवडे चालू असतं. तुमच्या मुलीने सांगितलेला ०.२४ चा आकडा उत्तर देण्यापुरता आहे. त्यात प्रशिक्षण धरलेलं नाही.

न्यायाने हेही सांगतो की सगळा लोड एआयचा नाही. बँका, यूपीआय, व्हिडिओ, ऑफिसांचे मेल, हे सगळं आमच्याच हॉलमध्ये चालतं. एआयने वाढीचा वेग बदलला. इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहते, अतिउच्च दाबाच्या (ईएचव्ही) लाइनची परवानगी आणि जमीन मिळवण्यातच त्याहून जास्त वर्षं जातात.

तुमच्याच भागातली एक घटना सांगतो, आमच्या ट्रेनिंगमध्येही ती शिकवतात. १० जुलै २०२४ ला उत्तर व्हर्जिनियात २३० केव्हीच्या लाइनवर लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे वीज पडली तर लाइन वाचवणारं उपकरण, निकामी झाला. लाइनने पुन्हा पुन्हा चालू व्हायचा प्रयत्न केला, दर वेळी व्होल्टेजला झटका. डेटा सेंटरांचे यूपीएस, म्हणजे वीज गेली तर बॅटरीवर सर्व्हर चालू ठेवणारी यंत्रं, हे झटके मोजत होते. ठरलेल्या वेळात ठरावीक संख्या झाली की ते ग्रिड सोडतात आणि लोड स्वतःच्या बॅकअपवर घेतात, सेटिंगच तसं असतं. ६० डेटा सेंटरांनी तेच केलं आणि १,५०० मेगावॅट लोड क्षणात ग्रिडवरून गेला. भर उन्हाळ्यात अख्ख्या मुंबईची मागणी ४,००० मेगावॅटच्या थोडी वर जाते, त्यावरून अंदाज करा. परत आणतानाही ठिकठिकाणी माणसाने हाताने जोडून द्यावं लागलं. मागणी अशी एकदम गेली की ग्रिडचा तोल बिघडू शकतो. त्या दिवशी निभावलं. लोड दुप्पट झाल्यावर हीच सेटिंगं ठेवून चालणार नाही. प्रत्येक यूपीएसने आपापल्या सर्व्हरपुरतं अगदी योग्य काम केलं होतं, आणि मला भीती त्याचीच वाटते.

डब्लिनकर

आयर्लंडमधून लिहितेय. इथे देशाच्या विजेत २०१५ मध्ये डेटा सेंटरांचा वाटा ५ टक्के होता, २०२४ मध्ये २२ टक्के झाला. शहरांतल्या सगळ्या घरांना मिळून लागते त्याहून जास्त. डब्लिनच्या आसपास नवीन जोडण्या ग्रिड कंपनीने जवळजवळ थांबवल्या. देश लहान असल्यामुळे हे आधी दिसलं, एवढंच.

अ‍ॅशबर्नकर

महापेवाले दादा, मनापासून आभार. मुलीलाही वाचायला दिलं. पण बिलाचं राहिलं. इथे वीजदर ठरवणाऱ्या राज्याच्या आयोगाची सुनावणी असते, मला तिथे जाऊन बोलायचंय.

महापे नाइट शिफ्ट

जरूर जा. बिलात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका.

पहिली, क्षमतेचा लिलाव. पीजेएम, म्हणजे तुमच्यासह अनेक राज्यांचं ग्रिड चालवणारी संस्था, पुढच्या वर्षांसाठी वीजकेंद्रांची क्षमता लिलावात राखून ठेवते. २०२४-२५ साठी दर दिवसाला मेगावॅटमागे २८.९२ डॉलर होता, २०२५-२६ साठी पीजेएमच्या बहुतेक भागांत २६९.९२ झाला. जुनी केंद्रं बंद होणं, नियम बदलणं ही कारणं आहेतच, पण बाजाराच्या स्वतंत्र निरीक्षकाने वाढीतला मोठा वाटा डेटा सेंटरांच्या मागणीवर टाकलाय. हा बोजा सगळ्या ग्राहकांवर पडतो.

दुसरी, लाइन आणि सबस्टेशनं. तुमच्या विधिमंडळाच्या लेखापरीक्षण समितीने डिसेंबर २०२४ मध्ये लिहिलंय की आज डेटा सेंटरं आपला खर्च भरतायत, पण असंच वाढत गेलं तर २०४० पर्यंत निर्मिती आणि वहन मिळून घरगुती बिलात महिन्याला १४ ते ३७ डॉलरची भर पडू शकते, महागाई सोडून. म्हणजे ‘सगळं आपल्याच खिशातून जातंय’ असं सुनावणीत म्हणू नका, ते खोडून काढतील. पुढचं विचारा. लाइन चाळीस वर्षांसाठी बांधतात, चिप चार-पाच वर्षांत जुनी होते. कंपनीने उद्या मुक्काम हलवला तर लाइनचे हप्ते कोण फेडणार?

याला थोडं उत्तर मिळालंय. २५ मेगावॅट आणि त्यावरच्या ग्राहकांसाठी तुमच्याकडे जानेवारी २०२७ पासून वेगळा दरगट येतोय. १४ वर्षांचा करार, वापर कमी झाला तरी वहन-वितरणाच्या ठरलेल्या मागणीचे किमान ८५ टक्के आणि निर्मितीचे ६० टक्के पैसे द्यायचे. मला हे योग्य वाटतं, आमच्या एमईआरसीनेही, म्हणजे महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगानेही, असं काही करावं असं मी कामावर उघडपणे म्हणतो. फक्त निर्मितीचे ६० टक्के का, उरलेले ४० कोणावर, हे नक्की विचारा. आणि जाताना जुनी बिलं घेऊन जा, वहनाचा आकार वेगळ्या ओळीत असतो, त्या ओळीतली वाढच दाखवा.