माँटगोमेरी बस बहिष्कार: एका फलकावर काय घ्यावं?

प्रश्न: फेब्रुवारीत कृष्णवर्णीय इतिहासाचा फलक करतोय. विषय: अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमेरीत १९५५-५६ मध्ये कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध शहरी बसवर घातलेला बहिष्कार. गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही म्हणून अटक झालेल्या रोझा पार्क्सच्या फोटोपलीकडे काय?

उत्तर १: ३८१ दिवस लोकांनी ये-जा कशी केली, ते दाखवा. टॅक्सीवाले बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये न्यायचे. शहराने किमान ४५ सेंटचा नियम काढल्यावर खासगी गाड्या जमवल्या. मग त्यांचे विमे रद्द होऊ लागले. शेवटी लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळाला. आणि शिक्षिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांची बहिष्काराची हाक देणारी पत्रकं! एका कागदावर तीन छापून कापलेली, रातोरात हजारो.

उत्तर २: क्लॉडेट कॉल्विन हमखास राहून जाते. तिनेही बसमधली जागा सोडली नव्हती: वय १५, अटक २ मार्च १९५५, पार्क्सच्या नऊ महिने आधी. बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या निर्णायक खटल्यात वादींमध्ये कॉल्विन होती, पार्क्स नव्हत्या.

उत्तर ३: आजचा धागा हवा तर मतदानहक्क घ्या. १९६५ च्या मतदानहक्क कायद्यातली पूर्वमंजुरी (भेदभावाचा इतिहास असलेल्या भागांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घेण्याची अट) २०१३ मध्ये निकामी झाली, तीही अलाबामातल्याच शेल्बी काउंटीच्या खटल्यात.