बर्फ 'घन', मग त्याची 'घनता' कमी कशी?

प्रश्न : मुलीला दहावीत 'पाण्याचे असंगत आचरण' आहे. ती विचारते, बर्फ घन आणि पाणी द्रव, तर बर्फाची घनता जास्त नको का? शिवाय 'असंगत' म्हणजे नेमकं कशाशी असंगत? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद : शंका रास्त आहे, कारण 'घन' या एका शब्दावर मराठीने बरीच कामं सोपवली आहेत. ढग, गणितातला घन, घनदाटमधला गच्चपणा आणि पदार्थाची अवस्था. अवस्थेतला 'घन' म्हणजे आपला आकार टिकवून धरणारा. 'घनता' म्हणजे ठरावीक जागेत किती वस्तुमान मावलंय. बहुतेक पदार्थांत दोन्ही गोष्टी जोडीनं येतात. अर्धवट गोठलेल्या तुपाचा रवा तळाशी बसतो आणि पातळ तूप वर राहतं, ते म्हणूनच.

पाण्यात ही जोडी फुटते. बर्फात प्रत्येक रेणू हायड्रोजन बंधांनी चार शेजाऱ्यांना ठरावीक दिशांनी धरून असतो. त्यातून षट्कोनी, पोकळ जाळी तयार होते. बर्फ वितळताना काही बंध तुटतात, जाळी मोडते आणि रेणू एकमेकांच्या जवळ सरकतात. म्हणून बर्फाची घनता 917 आणि 0 अंशाच्या पाण्याची 999.8 किलोग्रॅम प्रति घनमीटर. तापमान वाढवलं की दोन गोष्टी एकदम चालू असतात : उरलीसुरली पोकळ रचना ढासळत जाते (पाणी आकसतं) आणि रेणूंची हालचाल वाढते (पाणी पसरतं). 4 अंशांपर्यंत पहिलीची सरशी होते, त्यापुढे दुसरीची, म्हणून पाण्याची घनता 4 अंशांना सर्वांत जास्त असते. हेच ते असंगत आचरण. 20 अंशांना घनता 998.2 वर येते, 100 अंशांना साधारण 958 वर.

होपच्या उपकरणात हे डोळ्यांना दिसतं. पाणी भरलेल्या उभ्या नळकांड्याच्या मध्यावर बाहेरून बर्फ-मिठाचं मिश्रण, वर एक तापमापी, खाली एक. गार होऊन जड झालेलं पाणी तळाशी जातं, म्हणून आधी खालचा पारा उतरतो आणि 4 वर अडून बसतो, वरचा जवळजवळ हलत नाही. मग वरचा उतरायला लागतो आणि थेट 0 गाठतो. मुलीला आकृती पाठ करायला लावण्याऐवजी शाळेत हा प्रयोग दाखवायला सांगा, खरंच.

'असंगत' म्हणजे इतर द्रवांच्या वागण्याशी न जुळणारं. मला हा शब्द पटत नाही. पाण्याचं वागणं त्याच्या रेणूंच्या रचनेशी पूर्ण सुसंगत आहे, त्यामुळे 'अपवादात्मक' अधिक न्याय्य ठरलं असतं. परीक्षेत मात्र 'असंगत'च लिहावं.

दुसरा प्रतिसाद : छान उलगडलंत. एक भर घालतो, 'दाट' आणि 'घनता' यांतही गल्लत होते. गोडं तेल पाण्यापेक्षा दाट, सावकाश ओघळणारं, तरी पाण्यावर तरंगतं. ओघळण्याला होणारा तो विरोध म्हणजे श्यानता, घनता नव्हे.

पहिल्या प्रतिसादकाकडून : बरोबर. तसंच 'जड पाणी'. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तेव्हा आपण ते जड आहे म्हणतो. तो क्षारांचा प्रश्न. रायगड जिल्ह्यात थळला कारखान्यात बनतं ते जड पाणी निराळंच, त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड प्रकार असतो. त्याची घनता 4 नव्हे, सुमारे 11 अंशांना सर्वांत जास्त असते आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर बुडतो.